गरम पाण्याचा आकडा

इंग्लंडात ऑनसाइट गेलेल्या आणि सोबत वर्ष-दोन वर्षांचं पोर असलेल्या जवळजवळ प्रत्येकाला पहिल्या थंडीत एक प्रश्न पडतो. स्वैपाकघराच्या भिंतीवर एक पांढरं खोकं लटकत असतं, त्याला तिकडे बॉयलर म्हणतात. त्यावर दोन बटणं. एकाखाली नळाचं चित्र, दुसऱ्याखाली रेडिएटरचं. ही बटणं कुठवर फिरवायची? मॅन्युअल आधीच्या भाडेकरूने कुठे टाकलं ते घरमालकाला ठाऊक नसतं. चार जणांना विचारावं तर एक म्हणतो ६०, दुसरा म्हणतो ४८, आणि तिसरी, जी वृद्धाश्रमात नोकरी करते, ती म्हणते की आमच्याकडे ४३ च्या वर काही चालत नाही. गंमत म्हणजे तिघंही बरोबर असतात.

हापिसातल्या तीन जणांनी गेल्या दोन हिवाळ्यांत मला हेच विचारलं. मी कॉलेजात मेकॅनिकल केलं, त्यामुळे उष्णतेबद्दलचे सगळे प्रश्न माझ्याकडे येतात. (नंतर जावा करायला लागलो हे लोक सोयीस्कर विसरतात. :) ) उत्तर देता देता माझ्याच डोक्यात किडा वळवळायला लागला, की हे आकडे आले कुठून? कुणी ठरवले? दोन वीकांत त्यात गेले. जे हाती लागलं ते बॉयलरपेक्षा बरंच रंजक होतं, म्हणून इथे मांडतोय. तापमानं सगळी सेल्सिअसमध्ये आहेत. जिथे फॅरनहाइट आहे तिथे तसं सांगेन.

सुरुवात आपल्या ओळखीच्या शब्दापासून करू. गीझर. १८६८ साली लंडनमध्ये बेंजामिन वॅडी मॉन नावाच्या माणसाने गॅसवर चालणारा, पाणी वाहता वाहता तापवणारा एक बंब बनवला आणि त्याला नाव दिलं 'गीझर', आइसलंडमधल्या उकळत्या पाण्याच्या कारंज्यांवरून. इंग्लंडात ते यंत्रही गेलं आणि शब्दही गेला. आज तिकडे गीझर म्हटलं तर लोकांना एखादा इरसाल इसम अपेक्षित असतो. आपण मात्र तो शब्द इमाने इतबारे जपून ठेवलाय. मॉनच्या यंत्रात गॅसच्या ज्वाळांची गरम हवा सरळ पाण्यालाच भिडायची, आणि जळलेला वायू बाहेर जायला धुराडं नव्हतं, तो न्हाणीघरातच राहायचा. पाणी किती गरम हवं हे ठरवायचीही काही सोय नव्हती. नळ कमी सोडला की पाणी जास्त तापणार, जास्त सोडला की कोमट येणार, बस.

मग १८८९ साली पिट्सबर्गमध्ये एडविन रूड या मूळच्या नॉर्वेच्या इंजिनियरने टाकीवाला, आपोआप चालू-बंद होणारा हीटर केला. आज अमेरिकेतल्या घरांच्या तळघरांत जी उंच पिंपं उभी असतात त्यांचा हा पणजोबा. इथे एक मोठा बदल झाला. त्याआधी गरम पाणी आंघोळीच्या वेळी करायला लागायचं. आता ते चोवीस तास पिंपात तयार बसलं, आणि नळ फिरवला की कुणाच्याही हाती यायला लागलं. दीड वर्षाच्या पोराच्याही.

आपल्याकडच्या पद्धतीशी ताडून बघा. आजीच्या घरचा तांब्याचा बंब आठवतोय? मधल्या नळीत ढलप्या आणि करवंट्या, भोवती पाणी, खाली तोटी. त्यातलं पाणी काही कमी कढत नसायचं, पण ते अंगावर थेट कधी येत नसे. आधी ते घंगाळात नाहीतर बादलीत यायचं, मग कुणीतरी मोठं माणूस त्यात विसण घालायचं, हात घालून बघायचं, आणि मग पोराच्या अंगावर तांब्या ओतायचं. विसण! कढत पाण्यात बेताचं करण्यासाठी घालायच्या गार पाण्याला आपल्या भाषेत स्वतंत्र शब्द आहे, यावरूनच ते काम किती रोजचं होतं ते कळतं. पाश्चात्त्य न्हाणीघरात टबावर गरम आणि गार असे दोन वेगळे नळ आले आणि मधला तो हात गेला. (याचा अर्थ आपली पद्धत सुरक्षित असा मुळीच नाही. कढत पाण्याची बादली जमिनीवर, बाजूला रांगतं मूल, त्यात लोंबकळता रॉड, हे दृश्य आठवलं तरी अंगावर काटा येतो. पण तो धोका वेगळ्या जातीचा. आजची गोष्ट नळातल्या पाण्याची आहे.)

आता मुख्य प्रश्न. कातडी किती तापमानाला भाजते? हा प्रश्न इतका साधा वाटतो की त्याचं उत्तर शे-दोनशे वर्षांपूर्वीच मिळालं असेल असं वाटावं. तसं नाही. नीट मोजमाप झालं ते १९४७ मध्ये. हार्वर्डमधल्या ॲलन मॉरित्झ आणि एफ. सी. हेन्रिक्स या दोघांनी केलेल्या अभ्यासाचे लेख त्या वर्षी प्रसिद्ध झाले. मॉरित्झ न्यायवैद्यकातला माणूस, म्हणजे मृत्यूचं कारण शोधणारा डॉक्टर. या दोघांनी डुकरांच्या कातडीवर ठरावीक तापमानाचं पाणी ठरावीक वेळ वाहवलं आणि कधी नुसती लाल होते, कधी पूर्ण थर मरतो याची नोंद केली. डुकरं का, तर त्यांची कातडी आपल्या कातडीशी बरीच मिळतीजुळती असते. नंतर ताळा बघायला स्वयंसेवक माणसांवरही प्रयोग केले. कोण तयार झालं असेल देव जाणे.

त्यांना मिळालेलं उत्तर असं की 'अमुक तापमानाला भाजतं' हा प्रश्नच अर्धवट आहे. तापमान आणि वेळ अशी जोडी लागते. ४४ अंशांना कातडीला इजा व्हायला सुमारे सहा तास लागतात. तिथून पुढे ५१ पर्यंत दर एका अंशाला लागणारा वेळ साधारण निम्मा होत जातो. सहा तासांचे तीन, तिनाचे दीड. ४९ ला पोचेपर्यंत हिशेब मिनिटांवर येतो, साधारण दहा मिनिटांच्या आत. ६० ला पाच सेकंद पुरतात. ७० ला जेमतेम एक.

हे पुन्हा एकदा वाचा, कारण सगळी गोची इथे आहे. बटणावर ४९ आणि ६० यांच्यात बोटभर अंतर असतं. आपल्या डोक्यालाही अकरा अंशांचा फरक म्हणजे काही फार नाही असंच वाटतं. पुण्यात सकाळ-दुपारमध्ये याहून जास्त फरक पडतो. पण कातडीच्या दृष्टीने हा फरक मिनिटं आणि सेकंद यांच्यातला आहे. ४९ च्या पाण्यात हात गेला तर 'आई गं' म्हणून मागे घ्यायला, पोराने भोकाड पसरायला, आपण बाहेरच्या खोलीतून धावत यायला वेळ मिळतो. ६० ला तो मिळत नाही. आणि हे आकडे मोठ्या माणसांचे. लहान मुलाची कातडी पातळ, त्यामुळे तिथे आणखी लवकर. शिवाय रांगत्या मुलाला हात मागे घ्यायचं किंवा टबातून उठायचं पटकन सुचत नाही; बरीच मुलं जागच्या जागी थिजतात.

तर १९४७ साली विज्ञानाला उत्तर माहीत होतं. नळांना ते कळायला पुढे तीस-चाळीस वर्षं गेली. दरम्यान अमेरिकेत घरोघर पिंपं बसत होती आणि कारखान्यातून निघताना त्यांचा थर्मोस्टॅट साधारण १४० फॅरनहाइटला, म्हणजे ६० ला लावलेला असायचा. कपडे आणि भांडी कढत पाण्याने जास्त स्वच्छ निघतात ही समजूत होती, आणि पाणी जितकं गरम तितकं लहान टाकीत भागतं हाही हिशेब.

इथे सिॲटलमधले बालरोगतज्ज्ञ केनेथ फेल्डमन येतात. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नळाच्या पाण्याने भाजून इस्पितळात आलेल्या मुलांच्या नोंदी तपासल्या. त्यांचा १९७८ मधला लेख मी या निमित्ताने वाचला. गरम द्रवाने भाजून भरती होणाऱ्या मुलांपैकी ७ ते १७ टक्के मुलं नळाच्या पाण्याने भाजलेली होती, आणि चहा-कॉफी सांडून भाजण्यापेक्षा या जखमा जास्त गंभीर असत. कारण उघड आहे. कपातला चहा सांडतो आणि गार होतो. नळ मात्र ओततच राहतो. ४५ टक्के घटनांत नळ त्या मुलाने स्वतः किंवा दुसऱ्या मुलाने सोडला होता. २८ टक्के घटनांत, हे लिहायलाही नको वाटतं, ते कुणीतरी जाणूनबुजून केलेलं होतं.

मग या मंडळींनी एक साधी गोष्ट केली. थर्मामीटर घेऊन लोकांच्या घरी गेले आणि टबाच्या नळाचं पाणी मोजलं. दहातल्या आठ घरांत ते ५४ अंश किंवा त्याहून जास्त निघालं. ५४ ला कातडी पूर्ण खोलीपर्यंत भाजायला तीस सेकंद लागतात.

फेल्डमन यांच्या लेखातला मला सगळ्यात महत्त्वाचा वाटलेला भाग त्यांच्या शिफारशीत आहे. पालकांनी जास्त लक्ष द्यावं यावर त्यांनी भर दिला नाही. ते म्हणाले की पाणीच ५२ च्या खाली ठेवा. नवे हीटर कारखान्यातूनच कमी तापमानाला लावून पाठवा, जुन्यांचं बटण खाली कसं आणायचं ते लोकांना शिकवा.

आपल्याकडे पोराला काही झालं की पहिला प्रश्न येतो, 'आईचं लक्ष कुठे होतं?' (बापाचं लक्ष कुठे होतं हे सहसा कुणी विचारत नाही.) हा प्रश्न विचारणाऱ्याने मॉरित्झ-हेन्रिक्सचा तक्ता समोर धरावा. पाच सेकंद म्हणजे टॉवेल घ्यायला वळायचा वेळ. दारावरची बेल वाजली म्हणून मान फिरवायचा वेळ. दिवसातले चौदा तास, वर्षानुवर्षं, एका माणसाने एकदाही मान फिरवायची नाही अशा गृहीतकावर जर एखादी यंत्रणा उभी असेल, तर ती यंत्रणा चुकीची बांधली आहे. आम्ही सॉफ्टवेअरवाले याला डिझाइनमधला दोष म्हणतो आणि युजरच्या नावाने बिल फाडायला आम्हाला मनाई असते. (तरी आम्ही फाडतो, असो.)

पुढची हकीकत मला तरी थरारक वाटली. १९८३ साली वॉशिंग्टन राज्याने (हे पश्चिम किनाऱ्यावरचं राज्य, राजधानीचं शहर नव्हे) कायदा केला. नवीन हीटर बसवताना तो १२० फॅरनहाइट, म्हणजे ४९ अंशांच्या वर लावायचा नाही. भाड्याच्या घरात नवा भाडेकरू आला की घरमालकाने तो पुन्हा ४९ ला आणून द्यायचा. आणि आता खरी मेख: बटण वर फिरवायला कुणालाही बंदी नव्हती. कायद्यात तसं स्पष्ट लिहिलेलं आहे की राहणाऱ्याने आपल्या मर्जीने ते बदलावं. कुणी इन्स्पेक्टर घरी येणार नव्हता, दंड बसणार नव्हता. म्हणजे कायद्याने फक्त डीफॉल्ट बदललं.

१९८८ मध्ये पुन्हा थर्मामीटर घेऊन माणसं घरोघर गेली. १९७७ मध्ये सरासरी तापमान ६१ होतं. आता ते ५० आलं. ज्यांच्याकडे नवीन हीटर होते त्यांतल्या बहुतेकांनी बटणाला हातच लावला नव्हता. पाणी कमी गरम म्हणून बंड वगैरे काही झालं नाही. आणि सिॲटलच्या इस्पितळांत नळाच्या पाण्याने भाजून भरती होणाऱ्या मुलांची संख्या सत्तरच्या दशकाच्या तुलनेत निम्म्याच्या आसपास आली. जी येत होती त्यांच्या जखमाही कमी गंभीर होत्या.

आपल्या कामात 'युजर डीफॉल्ट बदलत नाही' हे वाक्य आपण दर आठवड्याला कुठल्या ना कुठल्या मीटिंगमध्ये ऐकतो, आणि ते बहुतेक वेळा लोकांना नको असलेली वृत्तपत्रं त्यांच्या गळ्यात मारण्यासाठी वापरलं जातं. त्याच आळसाचा उपयोग करून पोरांची कातडी वाचवता येते हे त्या बालरोगतज्ज्ञाला १९७८ मध्ये दिसलं होतं. मला हे वाचून थोडी लाज वाटली आणि पुष्कळ आनंद झाला.

गोष्ट इथे संपायला हवी होती. पण मग ६० म्हणणारा तो पहिला माणूस बरोबर कसा?

त्यासाठी सिॲटलहून फिलाडेल्फियाला जावं लागतं, आणि वर्षही साधारण तेच. जुलै १९७६ मध्ये तिथल्या बेल्व्ह्यू-स्ट्रॅटफर्ड हॉटेलात अमेरिकन लीजन या माजी सैनिकांच्या संघटनेचं अधिवेशन झालं. घरी परतल्यावर माणसं न्यूमोनियासारख्या आजाराने पटापट आजारी पडायला लागली. दोनशेहून जास्त आजारी, ३४ मृत्यू, आणि कारण कुणालाच कळेना. जानेवारी १९७७ मध्ये जोसेफ मॅकडेड आणि चार्ल्स शेपर्ड यांनी तो जंतू पकडला. त्या अधिवेशनावरून त्याचं नाव पडलं लिजनेला.

हा जंतू पाण्यात राहतो. साधारण २० ते ४५ अंशांत तो सुखाने वाढतो, त्यातही आपल्या शरीराच्या तापमानाच्या आसपास त्याला विशेष आवडतं. पाण्याचे बारीक तुषार श्वासातून फुप्फुसात गेले की आजार. फिलाडेल्फियात संशय एसीच्या यंत्रणेवर होता, पण पुढे लक्षात आलं की इमारतींच्या गरम पाण्याच्या टाक्या आणि पाइपही त्याला चालतात. ६० ला मात्र तो मिनिटांत मरतो.

म्हणजे बघा कसा पेच झाला. मुलांचे डॉक्टर म्हणतात टाकी ४९ ला ठेवा. जंतूंचे डॉक्टर म्हणतात ४९ ची टाकी जंतू मारायला पुरेशी नाही, तळाशी तर पाणी त्याहून गार असतं. टाकी ६० ला ठेवा. दोघांकडे मृतांचे आकडे आहेत. ब्रिटनमध्ये आरोग्य आणि सुरक्षा खात्याचं आजचं मार्गदर्शन दुसऱ्या बाजूचं आहे: गरम पाणी साठवायचं असेल तर ६० ला.

यावरचा तोडगा म्हणजे, चक्क, विसण. टाकीत पाणी ६० ला ठेवायचं आणि नळाच्या थोडं अलीकडे, पाइपातच, त्यात गार पाणी मिसळायचं. या झडपेला थर्मोस्टॅटिक मिक्सिंग व्हॉल्व म्हणतात. आत मेणाची एक छोटी डबी असते. पाणी जास्त गरम झालं की मेण फुगतं आणि गरम पाण्याची वाट अरुंद करतं. गार झालं की आकसतं. गाडीच्या रेडिएटरच्या थर्मोस्टॅटमध्येही हीच मेणाची युक्ती असते. आणि गार पाण्याचा पुरवठा अचानक बंद झाला तर ही झडप गरमही बंद करते. आजीच्या हातालाही हे जमलं असतं म्हणा, पण आजी चोवीस तास मोरीत उभी राहू शकत नाही.

२०१० पासून इंग्लंड आणि वेल्समध्ये नव्या घरांत टबाच्या नळाचं पाणी ४८ च्या वर जाता कामा नये असा नियम आहे. आपला दुसरा आकडा हा. ४८ सुद्धा पोराला आंघोळ घालायचं तापमान नव्हे हे लक्षात ठेवा. त्यासाठी ३७-३८ पुरतं. ४८ एवढ्याचसाठी की टब भरेपर्यंत पाणी निवतं, आणि चुकून थेट नळाखाली हात गेला तर धावत यायला वेळ मिळावा. जुन्या घरांना हा नियम लागू नाही, आणि भाड्याची घरं बहुधा जुनीच असतात.

आता भिंतीवरच्या त्या खोक्याकडे. भाड्याच्या फ्लॅटांत पुष्कळदा 'कॉम्बी' बॉयलर असतो, म्हणजे तो मॉनच्या गीझरसारखा पाणी वाहता वाहता तापवतो, टाकी नसते. टाकी नाही म्हणजे साठवण नाही, म्हणजे लिजनेलाचा मुद्दा जवळजवळ निघून जातो. तेव्हा नळाचं बटण ४८-५० ला आणून ठेवावं, विषय संपला. पण कपाटात मोठं सिलिंडर असेल तर ते ६० च्या खाली आणू नका. त्या घरात घरमालकाकडे मिक्सिंग व्हॉल्वची मागणी करा. हा फरक न सांगता 'पाणी कमी गरम ठेवा' असा सरसकट सल्ला देणाऱ्यांचा मला राग येतो.

दुसरं बटण रेडिएटरचं. रेडिएटरचा जन्म सेंट पीटर्सबर्गमधला, जन्मदाता फ्रान्झ सान गाली, साल १८५५ च्या आसपास. रशियन थंडीत हे सुचलं नसतं तरच नवल. अमेरिकेत वाफेचे रेडिएटर पसरले, ज्यांचा पृष्ठभाग शंभराच्या जवळ जातो, आणि न्यूयॉर्कच्या जुन्या इमारतींत ते आजही आहेत. डिसेंबर २०१६ मध्ये ब्राँक्समधल्या एका घरात अशा रेडिएटरची झडप निखळून खोलीत वाफ भरली आणि एक आणि दोन वर्षांच्या दोघी बहिणी गेल्या. वाफेचा रेडिएटर असलेल्या घरात पाळणा त्या खोलीत ठेवूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे. जागा नसेल तर निदान झडपेची तपासणी करून घ्यावी आणि भोवती कुंपण घालावं.

ब्रिटनमधले रेडिएटर पाण्याचे असतात, ते एवढे भयंकर नाहीत. तरी जुन्या हिशेबाने बॉयलरमधून निघणारं पाणी ८० च्या पुढे असायचं. मॉरित्झच्या तक्त्यात बघा. त्यातून चालायला शिकणारं मूल आधारासाठी नेमकं काय धरतं? खिडकीखालचं, त्याच्या उंचीचं, पकडायला छान असं ते पन्हाळीदार लोखंड. वृद्धाश्रम आणि इस्पितळांतला ४३ चा आकडा इथला आहे: १९९८ मध्ये ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेने, म्हणजे एनएचएसने, आपल्या इमारतींसाठी सांगितलं की जिथे असहाय माणसं आहेत तिथे रेडिएटरचा पृष्ठभाग ४३ च्या वर नको. मॉरित्झचे ४४ आणि सहा तास आठवा, म्हणजे हा आकडा का ते कळेल. घरांना मात्र असा नियम नाही.

इथे एक गैरसमज इतका पसरलेला आहे की त्यावर थांबतो. रेडिएटरच्या टोकाला १ ते ५ आकड्यांची गोल मूठ असते. डेन्मार्कमध्ये डॅनफॉसच्या मॅड्स क्लाउसन यांनी १९४३ साली काढलेली ही झडप, उत्तम चीज. पण तिच्यावरचा आकडा खोलीचं तापमान ठरवतो, रेडिएटरचं नाही. मूठ २ वर ठेवली म्हणजे रेडिएटर कमी भाजेल असं समजून लोक निर्धास्त होतात. खोली गार असेल तर झडप उघडते, आणि बॉयलरने ७५ चं पाणी पाठवलं असेल तर रेडिएटर ७५ पर्यंत तापतो, मूठ २ वर असो की ५ वर. पोराच्या हाताला काय लागणार हे बॉयलरवरचं दुसरं बटण ठरवतं.

आणि ते बटण खाली आणल्याने बिलही कमी होतं. २००५ पासून तिथे बसवलेले बॉयलर बहुतेक सगळे कंडेन्सिंग जातीचे आहेत. ते धुरातल्या वाफेचं पाणी करून तिची उष्णता परत मिळवतात. पण हे तेव्हाच जमतं जेव्हा रेडिएटरमधून परत येणारं पाणी साधारण ५५ च्या खाली असतं. ८० ला लावलेल्या बॉयलरला ही युक्ती धड जमत नाही. २०२२ च्या हिवाळ्यात, गॅसचे भाव भडकल्यावर, ब्रिटिश सरकारने लोकांना कॉम्बीचं हे बटण ६० ला आणायला सांगितलं, आणि त्याच वर्षापासून इंग्लंडमध्ये नव्या यंत्रणा ५५ च्या हिशेबाने आखाव्या लागतात. सगळं पैशांसाठी आणि हवामानासाठी, पण पोरांचा फायदा आपोआप झाला. घर तापायला थोडा जास्त वेळ लागेल, तेवढं सोसा. ५५-६० सुद्धा हाताला भाजणारंच, तेव्हा लोखंडी किंवा लाकडी जाळी लावा, पाळणा आणि रेडिएटर यांच्यात हातभर तरी नको, दोन हात अंतर ठेवा. बाळाच्या खोलीत १६ ते २० अंश पुष्कळ झाले. आपल्या लोकांना २६ ची सवय असते आणि ते लेकराला स्वेटरमध्ये उकडून काढतात.

पुण्या-मुंबईत रेडिएटर नाही, पण भिंतीवरचा १५ नाहीतर २५ लिटरचा गीझर म्हणजे रूडची टाकीच. त्यातलं पाणी ६० किंवा त्याहून वर असतं, आणि मिक्सिंग व्हॉल्व मी तरी आपल्याकडच्या कुठल्याच घरात पाहिलेला नाही. तेव्हा विसण आपणच घालायचं, पण क्रम उलटा ठेवून: बादलीत आधी गार, वरून गरम. गरम नळ आधी बंद करायचा, गार नंतर, म्हणजे तोटीतून पडणारा शेवटचा थेंबही गार असतो. गरम नळाची मूठ मुलाच्या हाताला न लागेल अशी बसवता आली तर उत्तमच.

एवढं करूनही भाजलंच तर नळाचं गार पाणी, वाहतं, पूर्ण वीस मिनिटं, घड्याळ लावून. बर्फ नको, टूथपेस्ट नको, हळद नको. मग जखम स्वच्छ प्लॅस्टिकच्या पातळ कागदाने सैल झाकायची आणि मूल लहान असेल तर थेट डॉक्टरकडे.

राहता राहिलं मोजणं. पुष्कळ बॉयलरांवर आणि आपल्याकडच्या बहुतेक गीझरांवर अंश लिहिलेलेच नसतात, नुसता जाड होत जाणारा लाल पट्टा असतो. त्यावर विश्वास ठेवू नका. स्वैपाकातला साखरेच्या पाकाचा थर्मामीटर मिळतो, तो घ्या (तापाचा नको, तो ४२-४३ ला थांबतो). सकाळी कुणीही पाणी वापरायच्या आधी गरम नळ मिनिट-दोन मिनिटं सोडा, पेल्यात पाणी घ्या, मोजा. मग बटण थोडं खाली, दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजा. दोन-तीन सकाळींत जमतं. जमलं की त्या जागी बटणावर नेलपॉलिशचा ठिपका लावून ठेवा, म्हणजे पाहुण्यांनी फिरवलं तरी कळेल.